सहाव्या भागात चुंबन, मग सातव्यात काय?

प्रश्न थोडक्यात असा. नाशिकच्या एका पंचविशीतल्या लेखकाने आठ भागांची वेब मालिका लिहिली आहे. अथर्व आणि मिहिर, दोघे बारावीत, आठवीपासूनचे दोस्त. सहाव्या भागाच्या शेवटी, जुलैच्या पावसात, सोमेश्वरच्या धबधब्यापाशी दोघांचं चुंबन. निर्माता म्हणतो, हे पहिल्या भागाच्या शेवटी आण, ट्रेलरला कामी येईल. त्याचा भागीदार म्हणतो, काढूनच टाक, घरात चारचौघांत कोण बघणार. लेखकाने मला विचारलंय: ठेवू की काढू? आणि ठेवलं तर ते सवंग न होता कसं लिहू?

आठही भाग वाचले. पंचवटी एक्सप्रेसमध्ये कल्याण येईपर्यंत चार झाले, बाकीचे परतीच्या गाडीत. ठेवू की काढू याचं उत्तर सोपं आहे म्हणून आधी देते. ठेव. पण सगळ्यात कच्चा भाग मला सहावा नाही वाटला, सातवा वाटला. सहावा संपतो चुंबनावर, आणि सातवा उघडतो मिहिरच्या वडिलांच्या द्राक्षबागेतल्या गारपिटीवर. गारपीट छान लिहिलीयस. पण अख्ख्या सातव्या भागात ही दोन पोरं एका फ्रेममध्ये येतच नाहीत. भेटतात ती थेट आठव्यात, गाणं सुरू झाल्यावर. मधल्या वेळात त्यांनी एकमेकांना मेसेज केला का? केला तर पहिला कोणी? कॉलेजच्या पार्किंगमध्ये गाठ पडली तेव्हा नजर कोणी चुकवली? तुला हे माहीत नाही, म्हणून तू गारपीट आणलीस.

माझ्यावर हसू नकोस, मी याहून वाईट केलंय. बरीच वर्षं झाली. एका दैनंदिन मालिकेत नायिकेच्या नणंदेचा ट्रॅक माझ्याकडे होता. तिची हॉस्टेलमधली मैत्रीण घरी राहायला येते, आणि हळूहळू कळतं की ही नुसती मैत्रीण नाही. चुंबन वगैरे नव्हतंच. कपाळाला कपाळ लावून दोघी बसतात, एवढंच. चॅनलवाल्यांना ते एवढं आवडलं की रविवारच्या महाएपिसोडचा प्रोमो त्याच्यावरच कापला. त्या आठवड्याचा टीआरपी चढला, पुढच्या आठवड्याचा उतरला, आणि मला ब्रीफ आलं: ट्रॅक गुंडाळा. मैत्रीण पुण्याला शिकायला गेली. मराठी मालिकांना पुणं आणि अमेरिका ही दोन गावं नसती तर नकोशी झालेली पात्रं कुठे नेऊन ठेवली असती कोण जाणे. तिच्या निरोपाचा सीनही मीच लिहिला, आणि बरा लिहिला, याची मला अजून लाज वाटते.

पुष्कळ दिवस मी चॅनलला शिव्या घातल्या. नंतर माझ्या लक्षात आलं की चूक निम्मी माझीही होती. मी त्या दोघींना एकच प्रसंग दिला होता. तो प्रोमोला कापून घेता आला, आणि मग तितक्याच सहज मालिकेतूनही कापता आला. मागे-पुढे धागाच नव्हता, त्यामुळे उसवायलाही कष्ट पडले नाहीत.

तुझा निर्माता जे मागतोय त्याचं अमेरिकेत एके काळी कॅलेंडरच ठरलेलं होतं. तिकडे नोव्हेंबर, फेब्रुवारी आणि मे या महिन्यांत प्रेक्षकांची मोजणी व्हायची आणि त्यावर जाहिरातींचे दर ठरायचे. मग त्या महिन्यांत काहीतरी खळबळजनक दाखवायचं, आणि दोन बायकांचं चुंबन हा त्यातला हुकमी पत्ता. १९९१च्या फेब्रुवारीत ‘एल. ए. लॉ’ या वकिलांच्या मालिकेत तो पडला. बातम्या झाल्या, पण गोष्ट त्या दोघींसोबत फार पुढे गेलीच नाही. २००५च्या फेब्रुवारीत ‘द ओ. सी.’ या पोरांच्या मालिकेत दोन मुलींचं, मरिसा आणि अ‍ॅलेक्सचं तेच. थोडे भाग चाललं, आणि सीझन संपायच्या आत अ‍ॅलेक्स गावाला. म्हणजे आमच्या भाषेत पुण्याला.

याच्या शेजारी ‘डॉसन्स क्रीक’ या पोरांच्याच मालिकेतला जॅक ठेवून बघ. १९९९च्या फेब्रुवारीत, दुसऱ्या सीझनमध्ये, एक शिक्षक त्याला भर वर्गात स्वतःची कविता वाचायला भाग पाडतो. वाचता वाचता तो कोसळतो. तिथून कुजबुज सुरू होते, आणि शेवटी आपण गे आहोत हे त्याला स्वतःच्या तोंडाने सांगावं लागतं. चुंबन येतं २४ मे २०००ला, तिसऱ्या सीझनच्या शेवटच्या भागात. म्हणजे सव्वा वर्षानं! सव्वा वर्ष प्रेक्षक त्याच्यासोबत राहिले. अमेरिकेच्या मोठ्या वाहिन्यांवर, भर प्राइम टाइममध्ये, दोन पुरुषांचं असं उत्कट चुंबन त्याआधी झालेलं नव्हतं. वाहिनी राजी नव्हती, आणि मालिकेची धुरा तेव्हा ज्याच्याकडे होती तो ग्रेग बर्लांटी, हे होणार नसेल तर मी निघालो, असं सांगून बसला होता. आता माझ्या कामाचा भाग. जॅक त्याला आवडणाऱ्या ईथन नावाच्या मुलाच्या दारापर्यंत गाडी हाकत जातो, धीर करून त्याचं चुंबन घेतो, आणि तिथेच कळतं की ईथन त्याच्या जुन्या प्रियकराकडे परत गेलाय. म्हणजे ज्या क्षणाचा टीव्हीच्या इतिहासात गाजावाजा झाला, तो गोष्टीत एका पोराच्या फजितीचा क्षण आहे. सतरा-अठराव्या वर्षी कोणाची झाली नाही अशी फजिती? म्हणून तो टिकला.

दुसरं उदाहरण माझं लाडकं. ‘बफी’ ही अमेरिकन मालिका, २७ फेब्रुवारी २००१चा भाग. महिना मोजणीचाच आहे बरं का, पण तिथे काय केलंय बघ. बफीची आई अचानक गेलीय. संपूर्ण भागाला पार्श्वसंगीत नाही. विलो ही मैत्रीण दवाखान्यात जायला निघालीय आणि तिला कळत नाहीये की अशा वेळी अंगात काय घालायचं. एक शर्ट काढते, दुसरा घालते, रडायला लागते. तिची प्रेयसी टारा तिला जवळ घेऊन शांत करते, त्यात ते चुंबन येतं, आणि पुन्हा शर्टाचंच चालू राहतं. मालिकेत दोघींचं पहिलं उघड चुंबन हे, आणि त्याला ना ढोल ना सनई. आता हे काप बघू. कापलंस तर मृत्यूचा प्रसंगच लंगडा होतो. चुंबन प्रसंगाच्या टोकाला टांगून ठेवलं की कोणीही कात्री लावतो. प्रसंगाच्या पोटात शिवलं की निर्मात्याला, चॅनलला आणि व्हॉट्सअ‍ॅपवर बारा सेकंदांची क्लिप फिरवणाऱ्याला, तिघांनाही ते अवघड जातं.

आणि सातव्या भागाचंच म्हणत असशील तर ‘हार्टस्टॉपर’ या ब्रिटिश मालिकेची, २०२२च्या पहिल्या सीझनची, रचना कागदावर उतरवून काढ. निक आणि चार्ली, दोन शाळकरी मुलं. तुझ्यासारखेच आठ भाग. चुंबन तिसऱ्याच्या शेवटी. लगेच बाहेरून मित्राची हाक येते आणि निक घाबरून पळतो. चार्लीला वाटतं, मी सगळं घालवलं. दुसऱ्या दिवशी निक भर पावसात त्याच्या दारात उभा. उरलेले पाच भाग ‘हे कोणाला सांगायचं आणि कधी’ यावरच चालतात. पाऊस तिथेही आहे, पण चुंबनाच्या वेळी नाही, माफीच्या वेळी आहे.

हे सगळं बघ, पण उचलू नकोस. तू एक गोष्ट उचलली आहेस आणि ती माझ्या डोळ्यात खुपली. तुझ्या तिसऱ्या भागात अथर्व आणि मिहिर ‘भेटायला जागा नाही’ म्हणून वणवण फिरतात. पांडवलेणीच्या पायऱ्या, गंगापूर धरणाचा काठ, कॉलेज रोडचं कॅफे. अरे, ही अडचण मुलगा-मुलगीची आहे! दोन मुलांना नाशकात जागा मिळत नाही? एका गाडीवर तिघं बसून जातात, गळ्यात गळे घालून घाटावर फिरतात, कोणी वळून बघत नाही. मिहिर रात्री अभ्यासाला म्हणून अथर्वच्या वाड्यावर येईल, आणि अथर्वची आईच गच्चीवर दोन गाद्या, एक पांघरूण आणि अकरा वाजता चहा आणून ठेवेल. सकाळी म्हणेल, ‘आता आलाच आहेस तर पोहे खाऊन जा.’

तुझ्या गोष्टीचं सोनं इथे आहे. शाळेच्या व्हरांड्यातली अमेरिकन पोरं लपायला जागा शोधतात. आपली पोरं लपलेलीच असतात, उजेडात. त्यांच्या जवळिकीला घरच्यांनी आधीच एक नाव देऊन ठेवलंय, मैत्री. ते नाव इतकं ऐसपैस आहे की त्यात सगळं मावतं. त्यांना स्वतःलाही कळत नाही ते कधी बाहेर सांडलं. चुंबनाने काय बदलतं? एकांत नव्याने मिळत नाही, उलट आधी होता तो जातो. काल ज्या पांघरुणात बिनधास्त झोपला, त्यात आज अथर्वला झोप लागत नाही. आईचा चहा तोच, पण आता तो घेताना चोरी केल्यासारखं वाटतं. ही आई तुझ्या मालिकेतलं सगळ्यात मोठं पात्र आहे, आणि तू तिला चार वाक्यं दिली आहेस. त्यातली दोन ‘जेवायला चल’ आहेत.

भाषेचंही तसंच. तुझा अथर्व पाचव्या भागात म्हणतो, ‘मी समलिंगी आहे असं मला वाटतं.’ असं बोलतं का रे कोणी? तो शब्द पेपरातला आहे. गंगापूर रोडवरचं पोरगं फार तर ‘गे’ म्हणेल, तेही दुसऱ्याला चिडवताना. स्वतःबद्दल काहीच म्हणणार नाही. म्हटलंच तर ‘मला तो आवडतो’. आणि मराठीत ‘आवडतो’ चहाही, सिनेमाही, माणूसही. इतका सोयीचा शब्द हाताशी आहे, लपायलाही आणि सांगायलाही. आईने विचारावं, ‘मिहिर तुला एवढा का रे आवडतो?’ आणि अथर्वने उत्तर देऊ नये. झाला सीन. पाचव्या भागातल्या मॅडमचं, समलिंगी संबंध गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमावरचं भाषण मात्र काढ. २००९चा दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल, २०१३ला तो सर्वोच्च न्यायालयाने फिरवला, ६ सप्टेंबर २०१८ला पुन्हा दार उघडलं, सगळं बरोबर सांगतात त्या. पण गोष्ट थांबवून सांगतात. त्यापेक्षा मिहिरच्या वडिलांना जेवताना एकदा म्हणू दे, ‘ते कायद्याने बंद आहे ना?’ आणि मिहिरने खाली बघून म्हणावं, ‘होतं.’

आता सोमेश्वर. जुलैत सोमेश्वरला दोन माणसांना एकांत मिळतो हे फक्त वेब मालिकेतच. शिवाय पावसातलं चुंबन म्हणजे निम्मं काम पाऊस करतो. चौथ्या भागात तू रंगपंचमीची रहाड घेतली आहेस, ती नुसती रीलसारखी येऊन जाते. जुन्या नाशकातला तो रंगाचा हौद, पूजा, पोरांचे धप्पे म्हणजे हौदात उड्या, ड्रोन, संपलं. ती रहाड सहाव्यात आण. रंगपंचमी मार्चची, गारपिटीच्या दिवसांतली. तुझी सातव्यातली गारही मग आपोआप जागेवर बसते. एकेका रहाडीचा रंग ठरलेला असतो, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. अथर्वने त्याच्या चौकातल्या रहाडीत धप्पा मारलाय, मिहिरने मित्रांबरोबर दुसऱ्या. संध्याकाळी गच्चीवर दोघं वाळत बसलेत. चुंबन तिथे, आणि तेही प्रसंगाच्या मध्यावर. आधी कान धुण्यावरून भांडण, नंतर मिहिरला मावशीचा फोन. रहाडीचा रंग काही एका अंघोळीत जात नाही. सातव्या भागात आई अथर्वच्या डोक्याला तेल लावतेय आणि कानामागे तिला रंग दिसतो. त्यांच्या रहाडीचा नाही, दुसऱ्या रहाडीचा. ती काही बोलत नाही. हवं तर पुसते, नाहीतर तसाच ठेवते. तू ठरव.

पटकथेत तू लिहिलंयस: ‘दोघं चुंबन घेतात.’ ही ओळ दिग्दर्शकाला कोरा चेक आहे. मराठीत या क्रियेला धड शब्द नाही हेही एक आहेच. मुका आणि पापा लहान मुलांचे, चुंबन पुस्तकातलं, आणि पोरं ‘किस’ म्हणतात. म्हणून कोणताच शब्द वापरू नकोस. कोण आधी झुकलं, कोण जागच्या जागी थिजलं, चष्मा कोणाचा आडवा आला, किती वेळ, आणि मागे कोण सरलं, एवढं लिही. पाच ओळी होतील. मागे कोण सरलं यावर तुझा सातवा भाग उभा राहणार आहे.

हशाची भीती असेल तर ती रास्त आहे. नाशकातच एका शाळेच्या हॉलमध्ये एकांकिकेच्या तालमीला दोन पोरं अशाच प्रसंगात तीन दिवस नुसती खिदळत होती. मी ओरडले, उपयोग नाही. चौथ्या दिवशी लेझीमचे हात शिकवतात तसं आकड्यावर बसवलं. एकला चष्मा काढ, दोनला श्वास, तीनला झुक, चारला थांब. पोरांना करायला काम मिळालं आणि हसू गेलं. प्रेक्षकांचंही तेच. हसू लाजेचं असतं, ते दाबलं की नको तिथे फुटतं. म्हणून चुंबनाच्या अर्धा मिनिट आधी त्यांना मनापासून हसवून घे. कान धुण्याचं भांडण त्यासाठीच सुचवलं.

व्यवहाराच्या गोष्टी आता भरभर. पात्रं बारावीची, म्हणजे सतराची. २०१२च्या पॉक्सो कायद्याला अठराखालच्यांची संमती मान्य नाही, दोघं एकाच वयाचे असले तरी. मी वकील नाही, निर्मात्याने वकिलाला दाखवावं. पण मी तुझ्या जागी असते तर दोघांना एफवायला नेऊन बसवलं असतं. अथर्व बीए, मिहिर इंजिनिअरिंग. वर्ग वेगळे, वेळा वेगळ्या, पहिल्यांदाच भेट ठरवावी लागते. गोष्टीलाही तेच बरं. नट मात्र अठरा पूर्णच हवेत, चेहरा कितीही कोवळा असो, यात तडजोड नाही. भागीदाराला सांग की ओटीटीला २०२१च्या आयटी नियमांप्रमाणे यू/ए १३+, यू/ए १६+ अशी वयाची वर्गवारी द्यावी लागते, पालकांना कुलूप लावायची सोय असते. आणि तुझा प्रेक्षक चारचौघांत बघणारच नाहीये, कानात इअरफोन घालून पांघरुणात बघणार आहे.

सेटवर तालमीशिवाय एकही टेक नाही. काय दिसणार, किती टेक, मॉनिटरपाशी कोण बसणार, हे आधी लिहून दोघा नटांच्या सह्या घ्यायच्या. बाकीचे बाहेर, फोन बाहेर. आता यासाठी इंटिमसी को-ऑर्डिनेटर असतात, आपल्याकडेही आहेत. तुमच्या बजेटमध्ये बसला नाही तर दिग्दर्शक सोडून दुसऱ्या एका शहाण्या माणसाला ते काम दे. ‘थांबा’ म्हणायला नट दिग्दर्शकाला घाबरतात. आणि करारात एक ओळ घालायला लाव: या प्रसंगाचं एकही दृश्य नटांच्या लेखी परवानगीशिवाय ट्रेलरमध्ये, पोस्टरवर किंवा रीलमध्ये जाणार नाही. ही दोन पोरं शूटिंग संपल्यावर सिडकोतल्या, पंचवटीतल्या आपापल्या घरी जाणार आहेत. मामाच्या फोनवर पहिल्यांदा जे पोचेल ते बारा सेकंदांचं असू नये.

निर्माता ‘आपल्या संस्कृतीत’ म्हणून सुरू झालाच तर तुला मोह होईल बालगंधर्वांचं नाव घ्यायचा. किंवा आपल्या त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या फाळक्यांचं, १९१३ला त्यांच्या हरिश्चंद्राची तारामती अण्णा साळुंके नावाचा पुरुष होता म्हणून. घेऊ नकोस. लुगडं नेसलं की ती बाई, हा करार तेव्हा प्रेक्षकांनी आनंदाने केला होता. तुझी पोरं शर्ट-पँटमध्ये आहेत, त्यांना तो करार लागू नाही. निर्मात्याला साधं विचार: पहिल्या भागात चुंबन दाखवलं तर दुसरा भाग लोकांनी का बघायचा? त्याला ही भाषा कळते.

पहिल्या पाच भागांना तूर्त हात लावू नकोस. सहावाही राहू दे बाजूला. सातव्याचा पहिला सीन लिही, आई, तेल, कानामागचा रंग. दोन पानांच्या वर नको. गुरुवारी सकाळच्या पंचवटीने मी मुंबईला निघणार आहे, त्याआधी पाठवलास तर गाडीत वाचेन.